धम्माचा नवा नंबर

बोरी अरब, ता. दारव्हा
११ नोव्हेंबर २०१८

धम्मा,

आधी माझा जय भीम घे, मग पुढचं वाच.

तुझा मेसेज आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. फोन टेबलावर थरथरला, पण मी बघितलं नाही. आपण फोनमध्ये डोकं घातलं की एखादं पोर हमखास शेजारच्याच्या ताटात हात घालतं. पोरं घरी गेल्यावर उघडला. ‘जय भीम ताई. मी धम्मरत्न. हा माझा नवीन नंबर. झालं गेलं विसर, राग सोड. भाचीचं लग्न जमतंय असं कळलं. मामाला विसरू नको.’ उभ्याने वाचला, मग बसून वाचला. माझी मदतनीस लालीबाई भांडी घासत होती. माझा चेहरा पाहून तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काय झालं बाई? कोनी गेलं का?"

"गेलं नाही लाली, आलं. माहा भाऊ आला."

तू म्हणशील, मेसेज चालू आहेत तर मग पत्र कायले? सांगते. मराठी टाइप करताना माझी बोटं अडतात, ‘जेवण’ लिहायला जाते आणि ‘जीवन’ होतं. दीपमालेला लिहायला सांगितलं तर ती सगळं वाचणार, आणि तुला लिहायचं सगळंच काही लेकीने वाचण्यासारखं नाही. तुझ्या फोनचा आवाज बिघडला आहे, दुरुस्त होईपर्यंत मेसेजवरच बोलू असं तू लिहिलंस, मग मनातलं बोलायचं कुठे? शिवाय इतक्या वर्षांचं बोलणं त्या एवढ्याशा काचेत मावत नाही.

पत्ता तोच असेल असं धरून चालते. पाकिटावर ‘रत्नेश’ असंच नाव घातलं आहे. तिकडे तुला सगळे त्याच नावाने ओळखतात, हे मी विसरले नाही. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं ‘शीला, बोरी अरब’. आडनाव घातलेलं नाही, तेव्हा पोस्टमनने शेजारी दिलं तरी तुझं काही उघडं पडणार नाही.

जुनं मी उकरून काढणार नाही. नाही म्हणजे नाही. तुझ्या दारात आम्ही पिशव्या घेऊन उभे होतो, समोरच्या बाईने विचारलं की ह्या कोण, आणि तू म्हणालास, ‘गावाकडच्या आहेत. आईच्या ओळखीच्या.’ तुझी बायको चहा ठेवायला आत गेली होती. तुझ्या भाऊजींनी, भीमराजनी, माझ्याकडे पाहिलं, मी पिशवी उचलली, आणि त्याच पावली आम्ही एसटी स्टँडवर आलो. आपली आई तेव्हा जाऊन वर्षही झालं नव्हतं. बघ, उकरणार नाही म्हटलं आणि फावडं घेऊनच बसले.

पण आता तू आपण होऊन जय भीम लिहिलंस. बायकोच्या माहेरच्यांना कळेल, ऑफिसात कळेल, म्हणून जो शब्द तू गिळून बसला होतास तो तू स्वतःच्या हाताने लिहिलास. मला बाकी काही नको. माफी वगैरे मागत बसू नकोस, तुला ती जमतही नाही. लहानपणी फुलसावंगीला माझी पाटी फोडलीस तेव्हाही तू माफी न मागता दोन चिंचा आणून दिल्या होत्यास.

दीपमालेला कळंबचा मुलगा पसंत आहे. शाळेत शिक्षक आहे, बोलायला सरळ आहे. डिसेंबरातल्या पौर्णिमेला साक्षगंध, तुमच्या पुण्याकडचा साखरपुडा, करायचं ठरतंय. मुलाकडच्यांनी विचारलं, ‘मुलीचे मामा येतील ना?’ मी ‘येतील’ असं ठोकून दिलं होतं. आता ते खोटं राहिलं नाही.

पीकपाणी विचारलंस. गेल्या साली बोंडअळीने कपाशी खाल्ली, यंदा पावसाने पाठ फिरवली. दुसऱ्या वेचणीनंतर शेत मोकळं होईल असं दिसतं. भीमराज आता फवारणीला हात लावत नाहीत. गेल्या साली धुऱ्यापलीकडच्या शेतातला माणूस फवारता फवारता कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यातून जिवंत परत आला, पण त्याला अजून नीट दिसत नाही. ते पाहिल्यापासून आमचा पंप गुरांच्या कोठ्यात टांगलेला आहे.

एक गंमत सांगते. बोंडअळीच्या मदतीचा हप्ता मंजूर झाला, खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवा, असा एक मेसेज गावभर फिरत होता. मी अंगणवाडीत आयांची बैठक घेतली आणि सांगितलं, ‘लालूच दाखवते तो मेसेज खोटा. खातं बंद होईल म्हणून भेव दाखवते तोही खोटा. निळ्या ओळीवर बोट ठेवू नका.’ तेव्हापासून गावात कोणालाही कसला मेसेज आला की फोन घेऊन माझ्याकडे येतात. तुझी ताई इथे अशी मोठी माणूस झाली आहे!

लालीबाई मात्र भुणभुण लावून आहे. "भाऊ हाय त मंग बोलत काहून नाही?" मी म्हटलं, "अवं, त्याचा फोन बिघडला हाय." तिला माणसांवर विश्वासच नाही.

शीला

बोरी अरब
२४ नोव्हेंबर २०१८

धम्मा,

माझा जय भीम, आणि या वेळी जरा जोरात.

पत्र मिळालं, वाचताना डोळे भरून आले, असा तुझा मेसेज आला. आले असतील. तू लहानपणापासून हळवाच. मीही इकडे दोन दिवस हवेत होते. भाजीत मीठ दोनदा घातलं, आणि भीमराजनी त्यात दही कालवून खाल्लं.

तू आधीच सावध केलंस हे फार बरं केलंस. ‘माझा जुना फोन चोरीला गेला, तो चोर माझ्या नावाने नातेवाइकांना फोन करतो, माझे मेसेज वाचतो, त्याचं काही ऐकू नको’ असं तू लिहिलं नसतंस तर मी फसलेच असते. कारण मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. काय झालं ते सगळं सांगते, तुला हसू येईल.

मी अंगणवाडीच्या पायरीवर होते. अनोळखी नंबर; तुझा जुना नंबर मी त्या दारातल्या दिवसानंतर पुसून टाकला होता.

"ताई, मी बोलतोय. धम्मरत्न."

"कोन धम्मरत्न?"

"असं काय करतेस ताई? तुझं पत्र मिळालं मला. ऐक, ते मेसेज मी पाठवलेले नाहीत. तू कोणाला काही दिलं नाहीस ना? बँकेचं वगैरे?"

बघ किती तयारीचा चोर! पत्राचंसुद्धा त्याला माहीत. तुझे मेसेज वाचत असणार, आणि मी तुला मेसेज केलाच होता की पत्र टाकलं आहे म्हणून. आवाज थोडाफार तुझ्यासारखा काढत होता, पण बोलणं सगळं पुण्याचं. ‘मला’ काय, ‘बोलतोय’ काय. मी म्हटलं याला आता चांगला धरते.

"तू माहा भाऊ हायेस ना? मंग आधी जय भीम म्हन."

तिकडे एकदम गप्प. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता, कोणीतरी खो खो हसत होतं. मी थांबले. पुन्हा म्हटलं, "म्हन ना. काहून, जीभ जड झाली का?"

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी ऑफिसात आहे. संध्याकाळी करतो फोन."

मग मी जी सुरू झाले ती लालीबाईने माझ्या हातातून फोन काढून घेईपर्यंत. म्हटलं, "लेका, माह्या भावाचं सोंग घ्यायले निंगाला आन् त्याचा जय भीम बी येत नाही तुले? शिकून तरी ये! पुन्हा त्याचं नाव तोंडात घेशीन त पोलिसात देईन." तो ‘ताई, ताई’ करत राहिला. दीपमालेने संध्याकाळी तो नंबर माझ्या फोनात कायमचा बंद करून टाकला. ती म्हणाली, "आई, तू त लय डेंजर हायेस." गावात दोन दिवस हाच विषय होता, शीलाबाईने चोर कसा पकडला. मी खोटी नम्रता दाखवली नाही.

आहेराचं मी नको नको म्हटलं तरी तू ऐकत नाहीस. मामाचा आहेर मामाने साक्षगंधाला स्वतःच्या हाताने द्यायचा असतो, बँकेतून नाही. पण तुला सुट्टीची खात्री नाही, कंपनी बाहेरगावी पाठवते आहे, आधी पाठवून मोकळं व्हायचं आहे म्हणतोस, तर पाठव. कार्डाचा फोटो दीपमालेने धाडला. बँकेकडून एक नंबर येईल तो तुला लगेच सांगायचा, वेळ गेला तर पैसे परत जातात, हेही लक्षात आहे. फोन जवळच ठेवते.

आहेर आला काय, नाही आला काय. तू ये. आवाज दुरुस्त झाला की आधी मला फोन कर.

शीला

१ डिसेंबर २०१८

धम्मा,

एकच विचारायचं आहे. तो तू होतास का?

परवा बँकेचा नंबर आला. त्या मेसेजात लिहिलेलं होतं की हा नंबर कोणालाही सांगू नका. इंग्रजीत होतं, दीपमालेने वाचून दाखवलं. मी म्हटलं, ‘कोणालाही’ म्हणजे परक्याला. मामा का परका आहे? मी तुला नंबर सांगितला. मग दुसरा आला, तोही सांगितला. मग एकामागून एक मेसेज येऊ लागले, दीपमाला वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. खात्यात तिच्या लग्नाचं जे काही बाजूला टाकलं होतं ते गेलं. किती ते लिहीत नाही. तुझा नंबर तेव्हापासून बंद आहे.

भीमराजनी पासबुक काढून पाहिलं. मग म्हणाले, "तुह्या भावानंच केलं असन. ज्यानं मायबापाचं नाव पुसलं, त्याले हे काय जड हाय?"

मी म्हटलं, नाही. माझा भाऊ मला चारचौघांत ओळख देणार नाही, पण माझ्या लेकीच्या लग्नाला हात लावणार नाही. मी हे असं ठणकावून म्हटलं की ते उठून शेतात निघून गेले.

मी खरं बोलले ना? एवढंच कळव. पत्राने नको वाटलं तर कसंही कळव. मला दुसरं काही सुचत नाही.

शीला

बोरी अरब
७ डिसेंबर २०१८

धम्मा,

तुझं उत्तर यायच्या आधीच मला ते मिळालं. सांगते, पण आधी पोलिसांचं सांगू दे, म्हणजे तुला सगळं नीट कळेल.

दारव्ह्याला बँकेत गेलो, तिथून पोलिसांत. बँकेतल्या माणसाने कार्ड बंद केलं आणि म्हणाला, ‘बाई, नुकसान कळलं त्याच घडीला फोन करायचा असतो. तुम्ही दोन दिवस काय केलं?’ त्याला काय सांगू, की मी दोन दिवस भावाच्या फोनची वाट पाहिली. पोलिसांत अमरसिंग नावाचे हवालदार आहेत, ह्याच कामाला बसतात. त्यांनी सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. मान वर न करता विचारलं, "पोरीचा बायोडाटा कुठं टाकला होता का?"

टाकला होता. आपल्या समाजाच्या वधूवर ग्रुपवर. मुलीचं नाव, आईचं नाव, शिक्षण, आजोळ, मामा, आणि खाली माझा मोबाइल नंबर. मामाच्या नावाशिवाय बायोडाटा आपल्याकडे होतच नाही. मामाची जागा रिकामी ठेवली तर लोक विचारतात, आजोळ तुटलं का? म्हणून मी तुला न विचारता लिहिलं होतं, ‘मामा: धम्मरत्न, पुणे.’ मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. चोराने तेवढंच उचललं. अमरसिंग म्हणाले, "ताई हे नाव तुम्हीच दिलं, भाची तुम्हीच दिली, लग्न बी तुम्हीच दिलं. त्यानं फक्त जोडलं."

मी म्हटलं, मग ‘राग सोड’ कसं लिहिलं? आमचं भांडण तर बायोडाटात नव्हतं. ते हसले. "सख्ख्या भावाबहिनीत राग नसते का कुठी? कोनालेबी लागू पडते." पीकपाण्याचंही तसंच. ह्या जिल्ह्यात कोणालाही पीकपाणी विचारा, माणूस आपोआप मन मोकळं करतो. आणि पत्र मिळालं, डोळे भरून आले, असं तो म्हणाला कारण पत्र टाकलं हे त्याला मीच कळवलं होतं. आता ते मेसेज वाचते तर त्यात तुझं असं काहीच नाही. मी रिकामी भांडी पाहिली आणि सगळी आपल्याच हाताने भरली.

मी आयांना लालूच आणि भेव शिकवत बसले होते. हा तिसऱ्याच वाटेने आला. ज्याची वाट पाहतो त्याचंच नाव घेऊन कोणी आलं तर काय करायचं, हे मी कोणाला शिकवलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

काल सहा डिसेंबर. बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात आल्या, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मी दाराजवळ बसले होते. जो आत येईल तो जय भीम म्हणत होता आणि मी उलट जय भीम म्हणत होते. म्हातारी माणसं, पोरीसोरी, माझ्या अंगणवाडीतलं ते बोबडं पोरगंसुद्धा ‘दय भीम बाई’ म्हणून आत पळालं. म्हणायला कोणाला काही लागत नव्हतं. श्वास घ्यावा तसं म्हणत होते. आणि मला फोनवरची ती गप्प वेळ आठवली.

चोराला ते म्हणायला काय जड होतं? त्याने तर पहिल्याच मेसेजात लिहिलं होतं. ग्रुपवर सगळे तेच लिहितात, तेही त्याने तिथूनच उचललं. मी फोनवर म्हणायला सांगितलं असतं तर त्याने एकदा सोडून दहादा म्हटलं असतं. चारचौघांत ते म्हणताना जीभ अडेल असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे.

मी वंदनेतून उठून घरी आले. दीपमालेला म्हटलं, "तो नंबर बंद केला होता ना, त्याचं काय होते गं? मेसेज आले असले त जातात कुठी?"

"जात नाही आई. एका कोपऱ्यात पडून रायतात."

तिने तो कोपरा उघडला. ‘ताई, तुझं पत्र मिळालं. तो मी नाही. बँकेचा नंबर कोणालाही सांगू नकोस.’ ‘ताई, फोन उचल.’ ‘भाऊजींना तरी दे.’ ‘दीपाचा नंबर पाठव, तिच्याशी बोलतो.’ ‘ताई, पाया पडतो, काही पाठवू नकोस.’ आणि शेवटचा, आहेराचा नंबर मी सांगितला त्या सकाळचा: ‘ताई, मी खरंच धम्मा आहे गं.’

धम्मा. हे नाव बायोडाटात नव्हतं. चोर शेवटपर्यंत धम्मरत्न, धम्मरत्न करत राहिला आणि मला एकदाही खटकलं नाही. आई गेल्यावर तुला धम्मा म्हणणारी मी एकटी उरले, आणि मीच ते ऐकलं नाही.

मी रडले. दीपमालाही रडली. भीमराज शेतातून आले, त्यांनी मेसेज वाचले, आणि डोक्याचा शेला काढून हातात घेतला. मग म्हणाले, "साळ्याले कायबाय बोललो मी. त्याले सांगजो." म्हणून सांगितलं.

पैशाची काळजी करू नकोस आणि पाठवूही नकोस. आता कोणाच्याही आहेराला मी हात लावणार नाही. कळंबच्या लोकांना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, साक्षगंध विहारात करू, सगळ्यांना चहा आणि पोहे देऊ, त्याला काय लागतं. पोरगा चांगला निघाला.

पण एक गोष्ट मला झोंबते आहे, आणि ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. तुझे मेसेज वाचून तुझी माया कळली, राग तिथेच आहे. एक परका माणूस, ज्याने मला कधी पाहिलं नाही, त्याला एका ओळीत कळलं की ह्या बाईला भावाच्या तोंडून काय ऐकायचं आहे. तुला इतक्या वर्षांत कळलं नाही. की कळलं होतं आणि तू दिलं नाहीस? तू ते तुझ्याजवळ ठेवून दिलंस, म्हणून त्याला माझ्यापुढे आणून विकता आलं. तू रोज म्हणत असतास तर त्याच्या म्हणण्याला मी एवढी भुलले नसते. मी बावळट ठरले, ते ठरले. पण बावळटपणा सगळा माझा एकटीचा नाही, थोडा तूही घे.

आणि त्या दिवशी तुझ्यावर काय गुदरलं असेल, हेही मला आता दिसतं. बहीण लुटली जाते आहे हे तुला ठाऊक, वाचवायला फोन केलास, आणि ती म्हणते एक शब्द म्हण मग ऐकते. आजूबाजूला सगळे बसलेले. तू म्हटलं असतंस तर लेकीच्या लग्नाचे पैसे वाचले असते. तुला ते म्हणता आलं नाही. केवढी भीती असेल रे ती. ही कोणी घातली तुझ्यात, हे मी तुला विचारत नाही, मला माहीत आहे. फुलसावंगीच्या ज्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते, जिची मला आठवणही काढायची नसते, ती तुझ्याही लक्षात असणार. मी गावात राहून भांडत राहिले, तू गाव सोडून गप्प झालास. तुझं बरोबर की माझं, हे मी आज ठरवायला बसले नाही.

निघताना अमरसिंग म्हणाले होते, "पैसे मागनारा फोन आपल्याच मानसाचा वाटला तरी ठेवून द्यायचा, आन् आपल्याजवळच्या जुन्या नंबरावर आपन उलट लावायचा. घाई करन तो चोर. आन् घरच्या घरात एक शब्द ठरवून ठेवा ताई. वेळ आली की इचारायचा. ज्याले येते तो आपला." मी त्यांना म्हटलं नाही, पण मनात आलं, आमचा शब्द तर आमचे आजोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले तेव्हाच ठरला होता. आता मात्र त्याने काम होणार नाही. तो चोरालाही येतो आणि माझ्या भावाला येत नाही.

तुझा नंबर मी कोपऱ्यातून बाहेर काढला आहे. पौर्णिमेला सकाळी साक्षगंध आहे. मुलीच्या मामाची खुर्ची मांडणार आहे, तीत दुसऱ्या कोणाला बसवणार नाही. आलास तर बस, नाही आलास तर ती तशीच राहील, आणि कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

त्याआधी एकदा फोन कर. जय भीम म्हण असं मी म्हणणार नाही. मागून घेतलेल्या जय भीमला काय करू? आपण दोघांत दुसरा शब्द ठरवू, सोपा, कोणाला कसलाही संशय येणार नाही असा. ऑफिसातूनच कर, सगळे बसलेले असताना कर, आणि नुसतं ‘ताई’ म्हण. पण मोठ्याने म्हण, आणि बाजूच्याने विचारलं कोण, तर सांग त्याला.

शीला